बकेटीपासून होल्डपर्यंत: मालामागून अकरा दिवस

चौदा वर्षं मी लोडर, म्हणजे पुढे बकेट असलेलं माल भरायचं यंत्र, चालवतोय, पण मी भरलेला माल पुढे जातो कुठे हे कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. डंपर काट्यावरून पुढे सरकला की माझ्यापुरता विषय संपला. या खेपेला जेटीवरचा एक ऑपरेटर आजारी पडला, बाहेर समुद्रात जहाज नांगर टाकून बसलेलं, आणि मुकादमकाकांनी विचारलं, "जातोस का मालाबरोबर? पार जहाजापर्यंत?" घरी सांगितलं तर "म्हणजे फिरायला चाललास" एवढंच उत्तर आलं. त्या अर्थानं हे प्रवासवर्णनच. खरा प्रवासी म्हणजे लोहखनिजाची ५२,००० टन भुकटी, मी आपला सोबतीला.

दिवस पहिला: ढीग

सकाळी यार्डात गेलो तर प्रयोगशाळेचा पोरगा ढिगाभोवती फावडं आणि पिशव्या घेऊन फिरत होता. वरून थोडं, मधून थोडं, खणून आतून थोडं, असे नमुने घेत होता. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. आज पहिल्यांदा विचारलं, की बाबा, एवढं कशाला? तो म्हणाला, "ओलावा. जहाजावर चढवायच्या आधी सात दिवसांच्या आतला आकडा लागतो. मध्ये पाऊस पडला तर हा कागद फुकट, पुन्हा सगळं पहिल्यापासून."

या भुकटीला आम्ही फाइन्स म्हणतो. कोरडी असली तर वाळूसारखी घसरते, थोडी ओली असली तर बकेटीत वडीसारखी उभी राहते. ऑपरेटरला ओलसर माल आवडतो, कारण धूळ उडत नाही आणि बकेट भरून येते. आपल्याला जो माल सोयीचा तो जहाजाला गैरसोयीचा असू शकतो, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

काकांनी निघताना नेहमीचा मंत्र म्हटला. "तळ खरवडू नकोस." ढिगाच्या पायथ्याचा हात-दीड हात माल सोडून द्यायचा, असा नियम आहे. खालची माती मालात येऊ नये म्हणून असेल, असं मी चौदा वर्षं धरून चाललो होतो.

दिवसभर डंपर भरले. एक नवा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ओरडला, "अजून दोन टाका की, अर्धी गाडी रिकामी आहे!" नवे सगळे हेच म्हणतात. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. एक घनमीटर फाइन्स म्हणजे सव्वादोन टनांच्या मागेपुढे. हौदा काठोकाठ भरला तर गाडीचे पाटे जागेवर बसतील. अर्धी रिकामी दिसणारी गाडी आमच्या धंद्यात भरलेली असते. पुढचे दहा दिवस हेच वाक्य वेगवेगळ्या रूपांत भेटत राहणार होतं.

दिवस दुसरा: रेक

जहाजाचा बहुतेक माल आधीच जेटीवर जाऊन पडला होता. राहिलेला शेवटचा रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी मालगाडी, आज भरायचा होता. साइडिंगवर वाघिणींची रांग लागली की माझ्या अंगात येतं, हे कबूल करतो. रेक भरायला वेळ बांधून दिलेला असतो, तो उलटला की दंड, त्यामुळे तीन-चार लोडर एकदम भिडतात. फलाटावर मालाची रास आधीच ओतून ठेवलेली असते. लोडर मागे, पुढे, वर, उलटी, परत मागे. माझी बकेट अडीच घनमीटरची. एका वाघिणीला दहा बकेट आणि एक अर्धी, की साठेक टन झाले.

भरण्याआधी एक फेरी पायी मारायची असते. खालचे दरवाजे लागलेत का, कड्या बसल्यात का, आत मागच्या मालाचा थर राहिलाय का. हा थर दिसायला किरकोळ, पण काट्यावर त्याचंही वजन मोजलं जातं, आणि ते तुमच्या नावावर पडतं. घाईत ही फेरी टाळणारे खूप पाहिलेत. एकदा मीही टाळली होती. दार नीट लागलेलं नव्हतं, आणि अर्धा टन भुकटी रुळावर पसरली. ती फावड्यानं उचलताना जी अक्कल आली ती अजून टिकून आहे.

वाघीण भरण्यात खरी कला किती टाकलं यात कमी, कुठे टाकलं यात जास्त. लोडर एकाच बाजूनं येतो, त्यामुळे माल साहजिकच पलीकडच्या भिंतीकडे किंवा अलीकडच्या काठाकडे साचतो. एक बाजू जड राहिली तर सरळ रुळावर काही कळत नाही. वळणावर हलक्या बाजूच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि चाक रुळावर चढायला बघतं. टोकाकडे जास्त आणि दुसऱ्या टोकाकडे कमी पडलं तरी तेच, एका बोगीवर, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या एका जोडगाड्यावर, बोजा आणि दुसरी उपाशी. म्हणून पहिल्या बकेटी दोन्ही बोगींच्या वर, मग मधे, मग शेवटची अर्धी जिथे खळगा दिसेल तिथे. बकेट उलटी करतानाही एकदम नाही, थोडी हलवत, म्हणजे माल पसरत जातो.

संध्याकाळी रेक हळूहळू काट्यावरून गेला. चालत्या गाडीचं एकेका वाघिणीचं वजन पडद्यावर उमटत होतं आणि आम्ही सगळे परीक्षेचा निकाल पाहावा तसे उभे. दोन वाघिणी जास्त निघाल्या. त्यातली एक माझी.

दिवस तिसरा: रुळावरून

मी जीपनं गेलो, माल रेल्वेनं. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. जीपचा ड्रायव्हर सारखा विचारत होता की एका गाडीत किती माल जातो. त्याला ऑस्ट्रेलियातल्या पिलबराची गोष्ट सांगितली: २००१ साली तिथे लोहखनिजाची एक गाडी चालवली होती, ६८२ वाघिणी, आठ इंजिनं, लांबी सात किलोमीटरहून जास्त. त्याचा पहिला प्रश्न, "आणि फाटकावर थांबलेल्यांचं काय?" वाळवंटात फाटकावर कोण थांबणार, पण प्रश्न पटला.

जेटीजवळच्या यार्डात टिपलर पाहिला. अख्खी वाघीण पकडून फिरवतात आणि पालथी करतात. काल आम्ही ज्यासाठी तासन्‌तास घाम गाळला, ते भांडं उपडं करावं तसं काही सेकंदांत रिकामं. खाली हॉपर, म्हणजे मोठं नरसाळं, हॉपरखाली बेल्ट, बेल्ट थेट ढिगावर. थोडं वाईट वाटलं.

दिवस चौथा: बार्ज

जेटीवर खोल पाणी नाही, म्हणून मोठं जहाज आत येत नाही. ते बाहेर नांगरून राहतं आणि माल बार्जनं, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीनं, त्याच्याकडे जातो. एका बार्जमध्ये २,००० टन, म्हणजे २६ बार्ज. माझं काम ढिगातून माल उचलून हॉपरमध्ये टाकणं, तिथून बेल्ट वर चढतो आणि टोकाच्या च्यूटमधून, म्हणजे उतरत्या नळीतून, बार्जच्या पोटात पडतो.

बेल्टच्या कडेनं एक दोरी ताणलेली असते. कुठेही ओढली की बेल्ट थांबतो. पहिल्याच तासाला तिथल्या एका जुन्या माणसानं मला हात धरून ती दाखवली आणि स्वतः ओढून बेल्ट बंद करून दाखवला. "नवीन माणसाला नुसतं सांगून भागत नाही दादा, हाताला ताण कळायला पाहिजे." बेल्टच्या परतीच्या बाजूला, रोलरपाशी साचलेला माल चालू बेल्टवर काढायचा मोह सगळ्यांना होतो. फावडं आत ओढलं जातं, फावड्याबरोबर हात. त्यानं कुणाचं उदाहरण दिलं नाही, पण त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती.

बार्जच्या तांडेलाचं लक्ष मालाकडे नसतंच, पाण्याकडे असतं. च्यूटखाली बार्ज दोरखंडांवर पुढेमागे सरकवत राहायची: आधी मधे थोडं, मग पुढे, मग मागे, पुन्हा मधे. सगळं एकदम मधे ओतलं तर बार्ज पोटात वाकते, टोकांना ओतलं तर पाठीत. च्यूट जरा डावीकडे गेला की बार्ज डावीकडे कलते, आणि तांडेल वरून असा ओरडतो की बेल्टच्या आवाजातही ऐकू येतं. आणि हो, इथेही तेच. बार्जचा हौदा निम्म्याच्या आसपास भरला आणि तांडेल म्हणाला, "बस, झालं." काठ पाण्याला किती टेकलाय ते बघून त्यानं ठरवलं होतं.

रात्रपाळीत एक गोष्ट झाली. ती आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. भरतीच्या वेळेत पाचवी बार्ज सुटायला हवी होती आणि दीडशेक टन कमी पडत होते. माझ्या समोरचा ढीग संपत आला होता, दुसऱ्या ढिगाकडे जायला वळसा होता. मी बकेट जमिनीला टेकवली आणि तळ खरवडला. माल काळपट, जड, बकेटीला चिकटणारा. आपटून झाडावी लागत होती. बार्ज वेळेत सुटली. तांडेलानं हात केला. मला बरं वाटलं.

दिवस पाचवा: जहाज

बार्जवरूनच जहाजाकडे निघालो. लांबून जहाज फार मोठं वाटत नाही, जवळ गेल्यावर मात्र आकाश झाकून टाकतं. पाच होल्ड, म्हणजे माल भरायचे कप्पे, चार क्रेन, ५७,००० टनी. रिकामं असल्यामुळे पाण्याबाहेर एवढं उंच, की दोरीची शिडी चढताना मी खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि तिसऱ्या पायरीवरच बघितलं.

होल्डची तपासणी चालू होती. मी उत्साहानं उघड्या मॅनहोलपाशी वाकलो तर चीफ ऑफिसरनं मागून कॉलर धरली. अक्षरशः. आधी मीटर खाली सोडला, आकडा २०.९ टक्के आला, तेवढाच प्राणवायू मोकळ्या हवेत असतो, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. मागच्या फेरीत या जहाजानं कोळसा वाहिला होता. बंद होल्डमध्ये कोळसा हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. लाकडाच्या गोळ्या, काही धातूंची भुकटी, धान्यसुद्धा तेच करतं. शिडीच्या बंदिस्त जागेत तर होल्डपेक्षाही वाईट हवा साचते. वास नाही, रंग नाही. माणूस दोन पायऱ्या उतरतो आणि बसतो, त्याला उचलायला दुसरा उतरतो. अशा अपघातांत अनेकदा दुसरा आणि तिसरा मेलेला हा मदतीला गेलेला असतो. मी यार्डात असताना टाक्यांत किती वेळा बेधडक उतरलोय, ते मनातल्या मनात मोजत बसलो.

होल्डच्या तळाशी कोपऱ्यांत पाणी गोळा होण्याचे खड्डे असतात. त्यांच्या जाळीवर खलाशांनी गोणपाट पसरून कडा चिकटवल्या होत्या. पाणी झिरपून खाली जावं, भुकटी जाऊ नये. पाच कोटी किलोंहून जास्त माल पोटात घेणारं जहाज, आणि त्याची एक सुरक्षा गोणपाटावर!

मग ड्राफ्ट सर्व्हे, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल गेलंय यावरून मालाचं वजन काढणं. ही गोष्ट मला सगळ्यांत आवडली. एवढ्या मालाला काटा कुठला? जहाज हाच काटा. पुढे, मधे, मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणी आकडे रंगवलेले असतात. आकडा दहा सेंटिमीटर उंच, आणि त्याची खालची कड म्हणजे नेमकं माप. सर्व्हेअर छोट्या होडीतून फिरतो, लाट वर आली की एक वाचन, खाली गेली की दुसरं, मग मधलं धरतो. बादलीत पाणी काढून त्याची घनता मोजतो. समुद्राचं पाणी १.०२५ च्या आसपास, नदीचं मिसळलं की कमी. मग टाक्यांमधलं बॅलास्टचं, म्हणजे रिकाम्या जहाजाचा तोल राखायला भरलेलं, पाणी, इंधन, पिण्याचं पाणी सगळं मोजून वजा करायचं. माल चढवून झाल्यावर हेच पुन्हा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल.

"एक सेंटिमीटर चुकलो तर?" मी विचारलं.

"या जहाजाला छप्पन टन," सर्व्हेअर म्हणाला.

म्हणजे माझ्या एका वाघिणीएवढं.

दिवस सहावा: पहिला ग्रॅब

चढवण्याचा आराखडा कागदावर आधीच ठरलेला असतो आणि त्यावर जहाजाच्या कप्तानाची आणि माल भरणाऱ्यांची सही असते. कुठल्या होल्डमध्ये आधी किती, मग कुठल्यात, आणि त्याच वेळी कुठल्या टाकीतलं बॅलास्टचं पाणी बाहेर. प्रत्येक होल्ड एका दमात भरायचा नाही, दोन फेऱ्यांत भरायचा. मधल्या होल्डमध्ये सगळं टाकलं आणि टोकं रिकामी राहिली तर जहाज मधे खाली वाकतं, उलट केलं तर मधे वर उचललं जातं. चौथ्या दिवशी तांडेल जे डोळ्यांनी करत होता, तेच इथे आकड्यांनी. १९९० च्या सुमाराला अशी बरीच जहाजं बुडाली आणि मग हे नियम कडक झाले. १९९७ साली भरण्या-उतरवण्याची आंतरराष्ट्रीय संहिता आली, १९९९ पासून मोठ्या जहाजांच्या बांधणीचेही वेगळे नियम लागू झाले.

क्रेनला लटकणारा ग्रॅब, म्हणजे उघडमीट होणारा लोखंडी जबडा, १२ घनमीटरचा. पहिली झेप घेताना क्रेनवाल्यानं तो निम्माच मिटला. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अर्धा रिकामा आहे की!" शेजारचा खलाशी हसला. क्रेनची ताकद ग्रॅबसकट मोजायची असते. कोळसा असता तर ग्रॅब भरून उचलता आला असता, खनिजानं भरला तर वजन क्रेनच्या ताकदीच्या वर जाईल. एका झेपेत चौदाएक टन, बस.

बार्जमधला माल कमी होत जातो तसा ग्रॅबला तळातलं नीट धरता येत नाही. मग माझी पाळी. क्रेननं छोटा लोडर, बॉबकॅट, पट्ट्यांनी उचलून बार्जमध्ये सोडला, मागोमाग मी. कोपऱ्यातला माल ढकलून मधे आणायचा, बाजूला व्हायचं, ग्रॅब येणार, उचलणार, जाणार. हातवारे करणारा माणूस वर हॅचच्या, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या, कडेला. त्याचा हात वर असताना मी हलायचं नाही, आणि माझा बॉबकॅट भिंतीला लागल्याशिवाय त्यानं ग्रॅब सोडायचा नाही. बाकी बोलणं नाही. डोक्यावरून चौदा टन माल आणि लोखंडाचा जबडा जात असताना माणसाचा देवावरचा विश्वास क्रेनच्या वायरवर येऊन थांबतो.

दिवस सातवा: पाऊस

सकाळी आठ बार्ज उतरल्या होत्या. क्षितिजावर काळं दिसताच सगळ्या हॅच बंद. कामाची वेळ मोजणारे वहीत लिहू लागले: इतक्या वाजता काम बंद, कारण पाऊस. अशा नोंदींवरून पुढे महिनोन्‌महिने पत्रव्यवहार होतो म्हणे.

दुपारी उघडलं. जहाजाला लागून पाचवी बार्ज उभी होती. भरल्याच्या क्रमानं नाही, भरतीच्या सोयीनं बार्ज येतात, म्हणून ती आज आली. ताडपत्री काढली. चीफ ऑफिसर खाली उतरला, वरचा माल मुठीत घेऊन दाबला, आणि वर जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आला.

ही डब्याची चाचणी कुणालाही करता येते. डबा निम्मा भरायचा, साधारण २० सेंटिमीटर उंचीवरून कठीण जागेवर आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतरानं २५ वेळा. मग वर बघायचं. त्यानं आपटायला सुरुवात केली. दहापर्यंत काही नाही. पंधराच्या पुढे माल खाली बसत गेला. पंचविसाव्याला वरचा भाग चकाकत होता, ओल्या पाटीसारखा. बोट लावलं तर चिखल.

त्यानं मला डबा दाखवला आणि शांतपणे समजावलं. दाण्याला दाणा टेकलेला असतो, म्हणून ढीग उभा राहतो. मधल्या फटींत थोडं पाणी, बाकी हवा. जहाज हलतं, इंजिन थरथरतं, दाणे दाटीनं बसत जातात, हवा निघून जाते. पाण्याला जायला जागा नसली की वरचं वजन दाण्यांऐवजी पाणी पेलू लागतं, आणि दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते. घट्ट दिसणारा माल आमटीसारखा वाहतो. जहाज कललं की एका बाजूला जातो, जहाज परतलं तरी तो सगळा परतत नाही. पुढच्या लाटेला अजून थोडा. २००९ च्या पावसाळ्यात एशियन फॉरेस्ट मंगळूरजवळ आणि ब्लॅक रोझ पारादीपजवळ बुडाली, दोन्हींवर लोहखनिजाच्या फाइन्स होत्या. २०१० च्या अखेरीला काही आठवड्यांत निकेलच्या मातीची तीन जहाजं गेली, चाळीसहून अधिक खलाशी गेले. २०१५ च्या जानेवारीत बल्क ज्युपिटर बॉक्साइट घेऊन व्हिएतनामजवळ बुडालं, १९ पैकी एक वाचला. म्हणून फाइन्सला २०१७ पासून स्वतःचे वेगळे बंधनकारक नियम आहेत. मालाचा ओलावा ठरलेल्या मर्यादेच्या खाली असलाच पाहिजे, आणि ती मर्यादा, माल ज्या ओलाव्याला वाहू लागतो, त्याच्या ९० टक्क्यांवर धरतात.

"डब्यात पास झाला म्हणजे सुरक्षित असं नाही," तो म्हणाला. "पण नापास झाला तर मी घेणार नाही."

बार्ज परत गेली. जेटीवरून फोनाफोनी, ताडपत्री कुणी नीट बांधली नाही, पाऊस कधी आला, वगैरे. मला माहीत होतं की ताडपत्री नीट होती. पाणी पावसाचं नव्हतंच, ढिगाच्या पायथ्याशी निथळून साचलेलं होतं आणि मी ते बकेटीनं उचललं होतं. तळ खरवडू नकोस याचा अर्थ चौदा वर्षांनी, समुद्रात कळला. संध्याकाळी काकांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जेटीवाल्यांना सांग. त्या ढिगाचा तळ अजून कुठल्या बार्जमध्ये गेला नाही ना, ते आधी बघा." शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. जेटीवर सांगितलं. पुढच्या तीन बार्ज डबा आपटूनच घेतल्या.

दिवस आठवा आणि नववा

ग्रॅब, ग्रॅब, ग्रॅब. दिवसाला बारा-साडेबारा हजार टन. झोप बॉबकॅटच्या सीटवर. जहाज रोज खाली जात होतं. पहिल्या दिवशी चढायला लागलेली शिडी आता निम्मीच उरली.

दुपारी मोकळा होतो तेव्हा जहाजाच्या कुशीवरची ती गोल खूण बघत बसलो, गोलाच्या मधून आडवी रेघ, शेजारी शिडीसारख्या छोट्या रेघा. कुठल्या समुद्रात, कुठल्या ऋतूत, किती खोल जायचं ते त्यावर ठरतं. उष्ण कटिबंधात थोडं जास्त, हिवाळी समुद्रात कमी. गोड्या पाण्यासाठी आणखी वरची रेघ, कारण तिथे जहाज तसंही जास्त बुडतं. इंग्लंडच्या संसदेत सॅम्युएल प्लिम्सॉल नावाचा माणूस यासाठी भांडला आणि १८७६ साली जहाजांवर ही खूण कायद्यानं आली. मालक जास्त भरणार, विमा घेणार, बुडले तर खलाशी बुडणार, असा तो काळ. "अजून दोन टाका की" म्हणणारा तेव्हाही होताच.

होल्डमध्ये डोकावलो. एवढा माल गेला तरी तळाशी एक टेकडी, वर नुसती पोकळी. धान्य असतं तर हॅचच्या झाकणापर्यंत भरावं लागलं असतं, कारण धान्य अर्धवट होल्डमध्ये घसरतं. जड खनिज खाली बसतं आणि जहाज फार ताठ होतं, झटके देत डुलतं. दोन्हींचे खलाशी आपापल्या मालाला नावं ठेवतात.

दिवस दहावा: शेवटचे ४०० टन

रात्री साडेनऊला क्रेन थांबवल्या. ४०० टन राहिले होते आणि सर्व्हेअर होडीतून वाचन घ्यायला गेला. पुढे १२.०५ मीटर, मागे १२.३१. कप्तानाला दोन्ही टोकं सारखी हवी होती, कारण उतरवायच्या बंदरात पाणी मोजकं. चीफ ऑफिसरनं कागदावर गणित मांडलं, ३०० एक नंबर होल्डमध्ये, १०० पाचमध्ये. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ग्रॅब किती?"

इतक्या दिवसांत मला कुणी आकडा विचारला नव्हता. चौदा टनांचा ग्रॅब, तीनशेला एकवीस, शंभराला सात. सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि तेच क्रेनवाल्याला सांगितलं. मी हॅचच्या कडेला उभा राहून मोजत होतो, एकेका ग्रॅबला बोट दुमडून. पंधराव्याला क्रेनवाल्यानं जरा जास्त उचललाय असं वाटलं, म्हणून शेवटचा हलका घ्यायला लावला. एक नंबरच्या होल्डमध्ये माल दोन्ही भिंतींकडे सारखा पसरावा म्हणून ग्रॅब आलटून पालटून दोन बाजूंना उघडत होता. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी वाघिणीत मी जे बकेटीनं करत होतो तेच.

दिवस अकरावा: वाचन

पहाटे समुद्र काचेसारखा होता. सर्व्हेअरनं मलाही होडीत घेतलं. पुढचा आकडा मी आधी वाचला, मग त्यानं. १२.२४. मागे १२.२६. तो काही बोलला नाही, लिहून घेतलं. मी मात्र उगाच दोनदा वाचलं.

हॅच बंद झाल्या, कडा तपासल्या, सह्या झाल्या. सर्व्हेप्रमाणे माल ५१,९३०. जेटीच्या काट्याप्रमाणे ५२,१००. यातलं काही बार्जच्या कोपऱ्यात, काही बेल्टखाली, काही पाणी होऊन निथळलेलं, आणि काही नुसतं वाचनाचं. एवढा फरक चालतो, सर्व्हेअर म्हणाला.

बार्ज सुटायच्या आधी काकांचा फोन आला.

"अरे, १७० टन कुठे सांडलंस?"

"तीन सेंटिमीटर आहेत काका."

"कसले सेंटिमीटर? मी टन विचारतोय."

येऊन सांगतो म्हटलं. तांडेल दोर सोडायला लागला होता.